संगणक हळू का चालतो? पैसे मोजण्याआधी डब्याच्या आत काय आहे ते बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट्स बंद केली. तेव्हापासून घराघरांतल्या आणि दुकानांतल्या पीसींवर ‘हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही’ अशी पाटी झळकतेय. त्यात २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भराभर चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, आणि चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपलं उत्पादन तिकडे वळवलं. अशा वेळी नागपुरात बर्डीच्या बाजारात जाऊन ‘पीसी स्लो झालाय, काय करू?’ असं विचारलं की तीन दुकानांत तीन उत्तरं मिळतात: रॅम टाका, फॉरमॅट मारा, नाहीतर नवा घ्या. यातलं आपल्याला कुठलं लागू पडतं हे कळायला संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. डब्यात सात-आठच मुख्य वस्तू असतात. प्रत्येकीचं काम काय आणि ती बिघडली की काय दिसतं, एवढं कळलं तरी पुष्कळ खर्च वाचतो.

## तीन वस्तूंवर सगळा वेग

इतवारीतलं एखादं ठोक किराणा दुकान डोळ्यासमोर आणा. काट्यावर बसून माल तोलणारा माणूस म्हणजे प्रोसेसर. त्याच्यासमोरचा ओटा, जिथे आत्ता लागणारी पोती काढून ठेवलीत, तो म्हणजे रॅम. आणि मागच्या गल्लीतलं गोदाम म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. गोदामात माल कायम राहतो, ओट्यावरचा रात्री आवरला जातो. म्हणूनच वीज गेली की सेव्ह न केलेलं काम जातं आणि सेव्ह केलेली फाइल राहते.

आता तोलणारा कितीही चपळ असो, पोतं गोदामातून यायला दहा मिनिटं लागत असतील तर तो बसूनच राहणार. ओटा लहान असेल तर दर वेळी एक पोतं परत नेऊन दुसरं आणावं लागणार. मंद संगणकाचं दुखणं बहुतेक वेळा या दोन ठिकाणी असतं, तोलणाऱ्यात क्वचितच. तरीही जाहिरातीत नाव मात्र प्रोसेसरचंच मोठं असतं.

प्रोसेसरवर ४ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. कोर म्हणजे एकाच चिपमधले स्वतंत्र काम करणारे भाग. चार कोर म्हणजे चार कामं खरोखर एकाच वेळी. मात्र गिगाहर्ट्झ सारखे असले तरी २०१५ चा आणि २०२२ चा प्रोसेसर सारखं काम करत नाहीत, कारण एका ठोक्यात किती काम उरकतं हे दर पिढीत वाढत आलंय. इंटेल कंपनीचा जुना ‘आय७’ प्रोसेसर नव्या ‘आय३’ पेक्षा मागे पडतो तो यामुळेच. नावापुढच्या आकड्यात पिढी लपलेली असते: आय५-७४०० हा सातव्या पिढीचा, आय५-१२४०० बाराव्या. सेकंड हँड पीसी घेताना ‘आय७ आहे’ एवढ्यावर भाव ठरवू नका, पूर्ण आकडा विचारा.

## हार्ड डिस्क की एसएसडी: सगळ्यात मोठा फरक इथे

हार्ड डिस्कमध्ये खरीखुरी फिरणारी तबकडी असते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांची. तिच्यावरून एक बारीक काटा सरकत माहिती वाचतो. एक मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला १००-१५० एमबी देते, हे वाईट नाही. पण विंडोज चालू होताना हजारो छोट्या फाइली वेगवेगळ्या ठिकाणांहून वाचाव्या लागतात. प्रत्येक वेळी काटा हलवून तबकडी फिरून येण्याची वाट बघायची, यात सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचनं होतात. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही, सगळ्या चिपा, त्यामुळे हीच वाचनं हजारोंच्या संख्येत होतात. सर्वसाधारण, वायरीने जोडायची सॅटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी देते. मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या पाटीवर, थेट बसणारी पट्टीसारखी एनव्हीएमई एसएसडी ३५०० किंवा त्याहून जास्त. पण घरगुती कामात खरा फरक पडतो तो हार्ड डिस्कवरून एसएसडीवर जाताना. ५५० वरून ३५०० वर गेल्याने टॅली किंवा ब्राउझर उघडताना फारसा फरक जाणवत नाही. तेव्हा जुन्या बोर्डावर एनव्हीएमईची जागा नसेल तर जीव टाकण्याचं कारण नाही, सॅटा लावा.

बसवायला अवघड नाही. एल आकाराचे दोन कनेक्टर असतात, एक डेटाचा, एक विजेचा, आणि ते उलटे बसतच नाहीत. अडीच इंची एसएसडी दोन स्क्रूंवर टिकली तरी चालते, कारण तिच्यात थरथरणारं काही नाही. जुनी हार्ड डिस्क काढून टाकू नका, फोटो-व्हिडिओ साठवायला दुसरी म्हणून राहू द्या. आणि १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली तर दुकानदाराने फसवलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. हार्ड डिस्क मरण्याआधी बहुधा इशारा देते: टक-टक आवाज, फाइल उघडायला विनाकारण वेळ. एसएसडी अनेकदा काही न सांगता एका सकाळी दिसेनाशी होते. हिशेबाच्या आणि घरातल्या फोटोंच्या प्रती दोन ठिकाणी हव्यातच, त्यातली एक या डब्याच्या बाहेर.

## रॅम जास्त तर वेग जास्त, नाही का?

एका मर्यादेपर्यंतच. ओट्यावर मावेल एवढा माल असेल तर ओटा आणखी मोठा करून तोलणं वेगवान होत नाही. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर नेऊन ठेवतं. याला स्वॅप म्हणतात, आणि डिस्क तबकडीची असेल तर याच क्षणी माऊस अडखळतो. आज ४ जीबीत विंडोज आणि ब्राउझरचे पाच-सहा टॅब म्हणजे रॅम भरलीच. ८ जीबीत कार्यालयीन काम, अभ्यास, ऑनलाइन वर्ग नीट चालतात. १६ जीबी लागतात ते फोटो-व्हिडिओचं काम करणाऱ्याला किंवा वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवणाऱ्याला.

भाव चढलेल्या काळात चुकीची रॅम घेणं फारच महागात पडतं. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या तिन्हींची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावला तर स्लॉट तुटतो. खरेदीला जाताना जुनी पट्टी सोबत न्या. बोर्डावर चार स्लॉट असतील आणि पट्ट्या दोन, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. त्यामुळे दोन्ही वाटांनी एकाच वेळी माहिती ये-जा करते, याला ड्युअल चॅनल म्हणतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीत याचा फायदा चांगला दिसतो, कारण चित्र काढणारा भागही हीच रॅम वापरतो.

पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण पडदा काळा? दुरुस्तीच्या टेबलावर आधी रॅमच काढली जाते. घरीही करता येतं. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, दोन्ही बाजूंच्या चिमट्या उघडून पट्टी सरळ वर ओढा. सोनेरी पट्टा पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, स्लॉटवर नव्हे, पट्टीवरच. रबराचा चुरा कोरड्या मऊ ब्रशने झटका. परत लावताना दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, ‘टक्’ असा आवाज येऊन चिमट्या आपोआप बंद झाल्या पाहिजेत. एक टोक अर्धा मिलिमीटर वर राहिलं तरी संगणक सुरू होत नाही, आणि हे डोळ्यांना पटकन दिसतही नाही.

## आधी मोजा, मग बदला

कुठला भाग अडतोय हे विंडोज स्वतः सांगतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स हा भाग बघा. संगणक मोकळा असताना नव्हे, ज्या कामात तो रडतो ते काम चालू असताना बघा.

डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि प्रोसेसर १५-२० वर, म्हणजे एसएसडी लावायची. मेमरी ९० च्या वर, तर रॅम. प्रोसेसर सतत १०० वर असेल तर आधी प्रोसेसेस या भागातल्या यादीत कोण खातंय ते बघा. पुष्कळदा एखादं नको असलेलं सॉफ्टवेअर किंवा दोन अँटिव्हायरस एकमेकांशी झुंजत असतात. ते नसूनही १०० वर असेल तेव्हाच प्रोसेसर जुना झाला म्हणायचं. आणि तिन्ही आकडे कमी असूनही संगणक हळू असेल, विशेषतः दुपारी, तर पुढचा भाग नीट वाचा.

## नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आणि प्रोसेसर

प्रोसेसर तापतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो तापल्यावर काय करतो हे कमी लोकांना माहीत असतं. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या अनेक रायझन प्रोसेसरांची ९५. तिथे पोहोचला की तो जळत नाही, स्वतःचा वेग कमी करतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तरीही भागलं नाही तर थेट बंद पडतो.

हीटसिंक (प्रोसेसरवरचा धातूच्या पात्यांचा ठोकळा) आणि पंखा खोलीच्या हवेनेच थंड करतात, त्यामुळे खोलीचं तापमान जेवढं वाढतं साधारण तेवढंच प्रोसेसरचं वाढतं. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत जो ७५ वर काम करतो, तोच मे महिन्यात ४० अंशांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत ९३ वर जातो. नागपुरात बाहेर ४५ अंश असताना ‘दुपारी दोननंतर पीसी अडकतो, रात्री ठीक चालतो’ ही तक्रार व्हायरसची नसते.

इलाज स्वस्त आहे. हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा नमदा बसलेला असतो, तो ब्लोअरने काढा, आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट काही वर्षांनी वाळून पावडर होते. जुनी पुसून वाटाण्याच्या लहान दाण्याएवढी नवी लावायची, जास्त नाही. इंटेलच्या साध्या पंख्याला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक जरी सैल बसली तरी हीटसिंक एका बाजूने उचलला जातो आणि तापमान झटक्यात वर जातं. बोर्डाच्या मागून चारही खुंट्यांची टोकं बाहेर आलीत का ते बघा. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या) बोर्डावर वेगळी काळजी घ्यायची: हीटसिंक सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. दहा मिनिटं संगणक चालवून पेस्ट कोमट करा, मग बंद करून प्लग काढा, हीटसिंकचं कुलूप सोडवा, आणि तो हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

आता कूलर. खिडकीतल्या डेझर्ट कूलरची दमट हवा खोली थंड करते, ते पीसीलाही चालतं. पण कॅबिनेट थेट त्याच्या झोतात असेल तर पाण्याचे बारीक थेंब आणि धूळ मिळून पात्यांवर चिखलाचा थर बसतो, तो ब्लोअरनेही निघत नाही. त्यातले क्षार बोर्डावर साचले की पिना गंजतात. कॅबिनेट झोतापासून बाजूला ठेवा, जमिनीवरून अर्धा-एक फूट वर, आणि मागे वीतभर मोकळी जागा सोडा. टेबलाच्या बंद कप्प्यात तर ठेवूच नका. पावसाळ्यात कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या खाचांवर पट्ट्या आहेत ना, ते बघा. तिथून पाल आत शिरते आणि शॉर्ट सर्किट होतं.

## ज्याच्याकडे कोणी बघत नाही तो डबा

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो वीजपुरवठ्याचा डबा. घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बनवतो. संगणक घेताना सगळ्यात जास्त काटकसर इथेच होते आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथूनच. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ आलेल्या डब्यावर ४५० वॅट छापलेलं असतं. पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जगतात ते १२ व्होल्टवर. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅटच. ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा पीसी ५० ते १०० वॅटच्या आसपास खातो, त्याला हे पुरतं. मोठं ग्राफिक्स कार्ड टाकलं की असा डबा जळू शकतो, आणि जाताना मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो.

फ्रिज किंवा पाण्याची मोटर सुरू झाली की पीसी रीस्टार्ट होतो? क्षणभर व्होल्टेज पडतं आणि थकलेला एसएमपीएस तेवढंही सांभाळू शकत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. साध्या पीसीला तो दहा-पंधरा मिनिटं पुरतो, म्हणजे काम सेव्ह करून बंद करण्यापुरताच. त्याची १२ व्होल्टची बॅटरी आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन वर्षांत संपते. लेझर प्रिंटर त्याच्यावर लावू नका, तो गरम होताना एकदम एवढी वीज ओढतो की यूपीएस बंद पडतो.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते ‘थोडंसं करंट मारतं’ म्हणून सोडून देऊ नका. भिंतीवरच्या त्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नाही किंवा तुटलंय. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह कायम धातूच्या पत्र्याकडे येतो आणि अर्थिंगच्या वाटेने जमिनीत जातो. वाट नसेल तर तुमच्या हातातून जातो. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन तोडून दोन पिनांत घालणं ही जिवाशी खेळणारी सवय आहे. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

## मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि एक नाण्याएवढी बॅटरी

मदरबोर्ड म्हणजे सगळ्यांना जोडणारी पाटी. त्याच्यामुळे वेग फारसा वाढत नाही, पण पुढे काय बदलता येईल हे तोच ठरवतो. त्याच्यावरची सीआर२०३२ बॅटरी, ३ व्होल्टची, तारीख-वेळ आणि सेटिंग जपते. ती संपली की तारीख मागे जाते, आणि मग बँकेची वेबसाइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात, आणि दुखणं असतं ते घड्याळाच्या दुकानात मिळणाऱ्या सेलचं.

ग्राफिक्स कार्ड गेम, व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी यांनाच लागतं. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये कामापुरतं ग्राफिक्स असतं. मात्र नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर ते नसतं, तिथे कार्ड लागतंच. कार्ड असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या भोकात खोचणं ही नेहमीची चूक आहे. केबल खालच्या बाजूला आडव्या असलेल्या कार्डाच्या भोकात हवी.

## मग विंडोज ११ चं काय?

आधी घाबरणं थांबवा. अपडेट बंद झाल्याने विंडोज १० चालायचं थांबत नाही, फक्त नवी भगदाडं बुजवली जात नाहीत. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना दिली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. बँकेचे आणि जीएसटीचे व्यवहार ज्या पीसीवर होतात तो मात्र अपडेटशिवाय वापरू नये.

‘पात्र नाही’ या पाटीमागे दोन वेगळी कारणं असतात आणि त्यांचा खर्चही वेगळा. एक, प्रोसेसर जुना. इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची, आणि एएमडीची रायझन २००० मालिका किंवा पुढची लागते. दोन, टीपीएम बंद आहे. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा व्यवस्था. नव्या प्रोसेसरांत ती आतच असते, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, अनेकदा बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने ती सापडते, चालू केली की झालं. यात एक रुपयाही लागत नाही. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत सॉफ्टवेअर नेमकं कारण सांगतं. एवढंच की जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवर सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारं सेटिंग) आंधळेपणाने चालू केलं तर विंडोज सुरू होणार नाही. आधी बॅकअप, मग डिस्क जीपीटी या नव्या विभागणीत बदलणं, मग हे सेटिंग, असा क्रम ठेवा.

प्रोसेसरच जुना असेल तर? एएम४ बोर्डाच्या मालकांची चंगळ आहे: पहिल्या पिढीचा रायझन काढून, बायोस अपडेट करून, त्याच बोर्डावर बऱ्याचदा रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर बसतो. बोर्डाच्या कंपनीच्या वेबसाइटवर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते, ती बघूनच घ्या. इंटेलचं तसं नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर सॉकेटचं नाव तेच असूनही चालत नाही. तिथे बोर्ड आणि प्रोसेसर, आणि बोर्ड डीडीआर५ चा घेतला तर रॅमही नवी लागते. अशा वेळी लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीचा, विचार जरूर करा. ब्राउझर, यूट्यूब, मराठी टायपिंग, ऑनलाइन अभ्यास एवढंच काम असलेल्या पीसीला ८ जीबी रॅम, एसएसडी आणि लिनक्स पुरतं.

## घरी डबा उघडणं धोक्याचं नाही का?

कॅबिनेट उघडणं नाही. एसएमपीएसच्या बाहेर, कॅबिनेटमध्ये १२ व्होल्टच्या वर काही जात नाही, आणि प्लग काढलेला असेल तर तेही नाही. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही काही वेळ ३०० व्होल्टच्या वर वीज साठून राहते. अंगातल्या स्थिर विजेने चिपा मरू शकतात, विशेषतः हिवाळ्यात. म्हणून सतरंजीवर, स्वेटर घालून काम करू नका, आणि प्रत्येक भाग हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या पत्र्याला स्पर्श करा. काहीही काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. समोरच्या बटणाच्या बारीक वायरी नेमक्या कुठे होत्या हे नंतर कोणालाच आठवत नाही.

दुरुस्तीला देत असाल तर बदललेला जुना भाग परत मागा आणि नव्या भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या, वॉरंटी त्याच आकड्यावर चालते. आणि जुना पीसी विकताना किंवा भंगारात देताना डिस्क आधी काढून घ्या. साध्या क्विक फॉरमॅटने फक्त फाइलींची यादी पुसली जाते, आधारची प्रत, बँकेची स्टेटमेंट आणि पासवर्डची फाइल तबकडीवर तशीच असते, आणि ती परत काढणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. डिस्कसकटच द्यायचा असेल तर विंडोजच्या रीसेटमध्ये सगळं काढून ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा. हार्ड डिस्कला त्यात काही तास लागतील, रात्री लावून ठेवा.